एकाच गाठीचे दोन रिपोर्ट: ईआरसीसी-१चं प्रकरण

फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. गाठ पूर्ण निघालेली, कडा साफ, बरोबर काढलेल्या लसीका ग्रंथींपैकी एखादीच बाधित. पेशंट टाके काढायला येतो आणि सोबतचा मुलगा किंवा जावई आमचा रिपोर्ट टेबलावर ठेवून विचारतो, "डॉक्टर, सगळं निघालंय ना? मग केमो कशाला?"

मी पॅथॉलॉजिस्ट. हा प्रश्न माझ्यापर्यंत फॉर्मवरून येतो: अमुक मार्कर (गाठीचा स्वभाव सांगणारी खूण) लावा, तमुक मार्कर लावा. आपल्याकडे फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडणं तसंही दुर्मीळ. पुष्कळ जण आधी टीबी समजून गोळ्या खाऊन आलेले असतात. त्यामुळे ऑपरेशन होण्याजोगी केस हाती आली की सगळ्यांनाच वाटतं, आता कुठे चूक व्हायला नको.

जावयाचा प्रश्न बिनतोड आहे, कारण आकडेच तसे आहेत. ऑपरेशननंतर सिस्प्लॅटिनवर आधारित केमो दिल्याच्या पाच मोठ्या चाचण्यांतले ४,५८४ पेशंट एकत्र करून २००८ साली हिशोब मांडला गेला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांत फरक पडला ५.४ टक्क्यांचा. शंभर जणांना केमो दिली तर पाच जण जास्त वाचतात. उरलेल्यांपैकी काही ऑपरेशननेच बरे झालेले असतात, काहींचा रोग केमोला जुमानत नाही. पण मळमळ, किडनीवरचा ताण, कानात गुणगुण, तळपायाला मुंग्या यातलं काही ना काही पुष्कळांच्या वाट्याला येतं. ते पाच कोण, हे आधी कळलं तर?

२००६ साली वाटलं होतं, ईआरसीसी-१ नावाच्या प्रथिनावरून ते कळलं. ते कसं वाटलं आणि मग कसं निसटलं, त्याचं हे प्रकरण.

यातलं मूळ पात्र म्हणजे आयएएलटी ही आंतरराष्ट्रीय चाचणी. ३३ देशांतली १४८ केंद्रं, १,८६७ पेशंट, सगळ्यांच्या गाठी ऑपरेशनने पूर्ण काढलेल्या, पहिल्यापासून तिसऱ्या स्टेजपर्यंतच्या. निम्म्यांना सिस्प्लॅटिनची केमो, निम्म्यांवर नुसती नजर. २००४ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी केमोवाले ४४.५ टक्के जिवंत, बिनकेमोवाले ४०.४ टक्के. केमोच्या विषारी परिणामांनी सात जण दगावले. फायदा खरा होता, पण तो कोणाला झाला हे आकड्यांत दिसत नव्हतं. ते शोधायला पॅरिसजवळच्या व्हिलज्विफमधल्या गुस्ताव्ह रूसी संस्थेच्या मंडळींनी या पेशंटांच्या जुन्या गाठींचे ब्लॉक केंद्राकेंद्रांतून गोळा केले.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, मग पॅराफिनमध्ये बसवायचा. असा ब्लॉक कपाटात वर्षानुवर्षं टिकतो. कधीही काढून त्याचा ४ मायक्रॉनचा पापुद्रा कापता येतो. मायक्रोटोमच्या पात्यावरून तो कांद्याच्या आतल्या सालीसारखा वळत निघतो, त्याला कोमट पाण्यावर तरंगवायचं आणि काचेवर अलगद उचलायचं. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की या प्रकरणात पेशंट तेच आहेत, गाठी त्याच आहेत, ब्लॉकही तेच आहेत. हे ध्यानात असू द्या.

आता ईआरसीसी-१. सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटतं. शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांना ते एकमेकांशी बांधून टाकतं, डीएनएला गाठ बसते आणि पेशीला त्याची पुढची प्रत काढता येत नाही. पण पेशीकडे दुरुस्तीचं पथक असतं. ते खराब भागाच्या दोन्ही बाजूंना छेद देऊन साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा उचलून टाकतं आणि जागा पुन्हा भरतं. या दुरुस्तीचा उलगडा केल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. यातला एक छेद देतं एक्सपीएफ नावाचं प्रथिन, आणि ईआरसीसी-१ हा त्याचा जोडीदार. एकाशिवाय दुसरं टिकत नाही. ईआरसीसी-१ भरपूर असेल तर सिस्प्लॅटिनची जखम भरून निघणार, कमी असेल तर पेशी मरणार. वृषणाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन जवळजवळ जादूसारखं चालतं आणि त्या पेशींत या दुरुस्तीच्या प्रथिनांची चणचण असते, हेही माहीत होतं. म्हणजे तर्क भक्कम होता. असला भक्कम तर्क हाताशी असला की माणूस पुराव्याकडे थोडा कानाडोळा करतो, हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

व्हिलज्विफच्या गटाने ८एफ१ नावाची अँटिबॉडी घेतली. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू. ती कुपीत विकत मिळते. काचेवर थेंब टाकायचे, धुवायचे, मग रंग येणारं रसायन टाकायचं. जिथे अँटिबॉडी चिकटली तिथे तपकिरी, बाकीच्या केंद्रकांना हिमॅटॉक्सिलिनचा फिका निळा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की निळ्या गर्दीत तपकिरी ठिपके. किती तपकिरी, हे माणसाने ठरवायचं.

मोजायची त्यांची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. रंगाच्या गडदपणाला ० ते ३ गुण. तुलनेसाठी टॉन्सिलचा निरोगी तुकडा आणि गाठीतल्याच रक्तवाहिन्यांचं अस्तर. मग किती टक्के केंद्रकं रंगली त्याचा दुसरा गुण: एकही नाही तर ०, दहा टक्क्यांच्या आत ०.१, पन्नासच्या आत ०.५, त्यावर १. दोन्हींचा गुणाकार. एकपेक्षा जास्त आला तर पॉझिटिव्ह. म्हणजे गडदपणा २ आणि निम्मी केंद्रकं रंगलेली, किंवा गडदपणा ३ आणि निदान दहा टक्के. तो 'एक' कुठून आला? तो त्याच गाठींच्या गुणांचा मध्यक होता. थोडक्यात, जीवशास्त्राने रेघ आखून दिली नव्हती, गुणांची रांग लावून मधोमध खडू ओढला होता. तेव्हा असं सर्रास व्हायचं, आजही होतं.

७६१ गाठी वाचता आल्या. ३३५ पॉझिटिव्ह म्हणजे ४४ टक्के, ४२६ निगेटिव्ह. आणि निकाल असा आला की वाचणाऱ्याने खुर्चीतून उठावं. निगेटिव्ह गाठवाल्यांना केमोने मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला, आयुष्याचा मध्यक १४ महिन्यांनी वाढला. पॉझिटिव्ह गाठवाल्यांना काहीच फायदा नाही, उलट आकडा किंचित तोट्याकडे झुकलेला. २००६ च्या सप्टेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं.

त्यात आणखी एक गंमत होती. ज्यांना केमो दिलीच नव्हती त्यांच्यात पॉझिटिव्हवाले जास्त जगले होते. म्हणजे दुरुस्ती चांगली असलेली गाठ मुळातच जरा सुधी, पण औषधाला दाद न देणारी, आणि दुरुस्ती ढिली असलेली गाठ उडाणटप्पू, पण औषधाने वठणीवर येणारी. एक मार्कर दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता: रोग आपल्या चालीने कुठे जाईल ही एक, औषध लागू पडेल का ही दुसरी. या दोन्हींची गल्लत कॅन्सरच्या मार्करांमध्ये कायम होते. जास्त जगला तो औषधामुळे की रोग सौम्य होता म्हणून, हे कळायला केमो न दिलेल्यांचा गट हातात हवा. आयएएलटीत तो होता, म्हणून हा पुरावा इतरांपेक्षा वजनदार वाटला, आणि खरोखर होताही.

मग गाडी सुटली. फ्रान्समध्ये एक चाचणी आखली गेली, तिचं नाव टेस्ट (चवीचं टेस्ट, परीक्षेचं नव्हे). ऑपरेशन झालेले दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजचे पेशंट, दोन गट. एका गटात सगळ्यांना ठरलेली केमो. दुसऱ्यात मार्करप्रमाणे: ईजीएफआर जनुकात बदल असेल तर एर्लोटिनिबच्या गोळ्या, ईआरसीसी-१ निगेटिव्ह असेल तर केमो, पॉझिटिव्ह असेल तर काहीच नाही, नुसती देखरेख. म्हणजे जावयाच्या प्रश्नाला थेट उत्तर: तुमच्या सासऱ्यांना केमो नको, तुकडा तपकिरी आलाय.

पण गाडी सुटायच्या आधी स्टेशनावर कोणीतरी हात हलवत होतं. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या डीएनए-दुरुस्तीच्या अभ्यासकांनी त्याच मासिकात पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्या पेशींत ईआरसीसी-१ नाहीच, त्यांची केंद्रकंसुद्धा ८एफ१ने उजळतात. म्हणजे ही अँटिबॉडी आणखी कशाला तरी चिकटते. हे पत्र वाचलं गेलं, उत्तरही दिलं गेलं, आणि चाचण्या पुढे चालू राहिल्या. त्यांना दोष देणं आता सोपं आहे. पेशंटांच्या आयुष्याचे निकाल समोर असताना, प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आक्षेप तपशिलाचा वाटणं मी समजू शकतो. रंग चुकीच्या कारणाने आला असेल, पण भाकीत तर बरोबर करतोय ना, असा युक्तिवाद मी स्वतः चहाच्या टेबलावर केलेला आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या पेशंटांवर व्हायची होती. सीएएलजीबी ९६३३ आणि जेबीआर.१० या दोन उत्तर अमेरिकन चाचण्या, दोन्हीत ऑपरेशननंतर केमो विरुद्ध नुसती देखरेख. त्यांतल्या ४९४ गाठी आल्या, तीच ८एफ१ लावली. भाकीत उतरलं नाही. केमोचा फायदा पॉझिटिव्हांना आणि निगेटिव्हांना वेगवेगळा दिसला नाही.

इथे पुष्कळ प्रकरणं संपतात. पहिला निकाल योगायोग होता म्हणायचं आणि फाइल बंद करायची. व्हिलज्विफच्या गटाने तसं केलं नाही, आणि त्यासाठी त्यांना मुजरा केला पाहिजे, कारण पुढचं काम त्यांनी आपल्याच गाजलेल्या निबंधावर केलं. २०११ मध्ये त्यांनी आयएएलटीचे तेच जुने ब्लॉक पुन्हा बाहेर काढले. ५८९ गाठींचे नवे पापुद्रे कापले आणि त्याच नावाची अँटिबॉडी पुन्हा लावली.

२००६ मध्ये ४४ टक्के पॉझिटिव्ह होते. आता ७७ टक्के.

गाठींनी पाच वर्षांत मेणाच्या वडीत बसून प्रथिन वाढवलं नव्हतं. पेशंट तेच, संस्था तीच, पद्धत तीच. बदलली होती कुपी. तेच लेबल, पण नंतरच्या लॉटमधली, म्हणजे कंपनीने नव्याने बनवलेल्या खेपेतली, ८एफ१ पूर्वीसारखी वागत नव्हती. आणि या नव्या रंगावर हिशोब मांडला तेव्हा त्यांच्याच पेशंटांत त्यांचाच २००६ चा निकाल पुन्हा आला नाही.

लॉट बदलला की काय होतं, हे ज्याने इम्युनोच्या, म्हणजे अँटिबॉडीने काचा रंगवायच्या, बाकावर काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे नवी कुपी आली की टेक्निशियन ती थेट पेशंटच्या काचेवर लावत नाही. जुन्या कुपीत चार थेंब मुद्दाम राखून ठेवलेले असतात. एकाच ब्लॉकच्या दोन काचा शेजारी शेजारी: डावी जुन्या लॉटची, उजवी नव्या. बहुतेक वेळा जुळतात. एकदा उजवी काच अख्खी चहाच्या डागासारखी आली होती. कंपनीने कुपी मुकाट्याने बदलून दिली. एका ब्लॉकला हा उपाय चालतो. पण १४८ केंद्रांतून आलेल्या शेकडो गाठींवर, पाच वर्षांच्या अंतराने, जुन्या कुपीतला थेंबही शिल्लक नसताना कशाशी ताडून पाहणार?

२०१३ च्या मार्चमध्ये हे सगळं पुन्हा त्याच मासिकात छापून आलं. पण त्यांनी आणखी खोल खणलं होतं. बाजारात ईआरसीसी-१ म्हणून मिळणाऱ्या १६ अँटिबॉडी त्यांनी आणल्या आणि प्रत्येक जण प्रथिनाच्या नेमक्या कुठल्या तुकड्याला चिकटते ते शोधलं. ईआरसीसी-१चं जनुक एक असलं तरी त्यावरून पेशी चार प्रती काढते, थोडी थोडी काटछाट करून. त्यांना २०१, २०२, २०३ आणि २०४ असे क्रमांक आहेत. डीएनएची दुरुस्ती करून सिस्प्लॅटिनला दाद न देण्याची पूर्ण कुवत या चारांत एकाच प्रतीत, २०२ मध्ये, सापडली. आणि १६ पैकी एकही अँटिबॉडी या चारांत फरक करू शकत नव्हती.

मला हा भाग सगळ्यात बोचतो. लॉटची चूक सुधारता येते. चांगली कुपी, काटेकोर कंट्रोल, दोन जणांनी वाचायचं, झालं. पण इथे कुपी अगदी शुद्ध मिळाली असती तरी काचेवर दिसलं असतं ते चौघा भावांची बेरीज, आणि कामाचा त्यातला एकच. घरात चार माणसं असून कमावता एक असला तर माणसं मोजून उत्पन्न कळत नाही. रंग अधिक झकास आणून हा पेच सुटत नाही. मोजायची वस्तूच वेगळी घ्यायला हवी होती.

फ्रान्सच्या चाचणीचं काय झालं? दुसऱ्या टप्प्यात १५० पेशंट घेऊन झाले होते. ठरल्याप्रमाणे औषधं देता येतात हे दिसलं, पण तोवर ईआरसीसी-१च्या रंगावरचा भरवसा उडाला होता. तिसरा टप्पा रद्द झाला. मार्करवाल्या गटात पॉझिटिव्ह आलेल्या पेशंटांना ठरल्याप्रमाणे केमो दिली गेली नव्हती. निबंधात त्यांचं एक वाक्य असतं, प्रवाहचित्रात एक चौकोन. त्यातल्या कोणाला कोणी पुढे बोलावून सांगितलं असेल का, की तुमचा रंग बहुधा भलताच होता?

ब्रिटनमध्येही एक चाचणी झाली, पसरलेल्या रोगाच्या ६४८ पेशंटांवर. तिथे प्रश्न थोडा वेगळा होता: ईआरसीसी-१ पॉझिटिव्ह असेल तर प्लॅटिनम (सिस्प्लॅटिनच्या कुळातली औषधं) टाळून दुसरी औषधं दिलेली बरी का? २०१७ मध्ये उत्तर आलं, नाही. पॉझिटिव्ह पेशंटांनाही प्लॅटिनम टाळून काही फायदा झाला नाही. तिथेही अँटिबॉडी ८एफ१च होती.

आज ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या फॉर्मवर ईआरसीसी-१ नसतं. ईजीएफआर असतं, एएलके असतं, आणि पीडी-एल१ असतं. पहिल्या दोन्हींत जनुकातला बदल शोधायचा असतो, आहे किंवा नाही असं उत्तर मिळतं. पीडी-एल१ मात्र ईआरसीसी-१च्याच जातीचं: प्रथिन, काचेवर तपकिरी, टक्के माणसाने ठरवायचे. इथे वेगवेगळ्या औषध कंपन्यांनी आपापल्या औषधासोबत आपापली अँटिबॉडी आणली: २२सी३, २८-८, एसपी२६३, एसपी१४२. पण या वेळी मंडळी वेळेवर शहाणी झाली होती. चारही अँटिबॉडी ३९ गाठींवर शेजारी शेजारी लावून २०१७ मध्ये तुलना छापली गेली. तिघी साधारण सारख्या निघाल्या, एसपी१४२ मात्र गाठीच्या पेशी बऱ्याच कमी रंगवते. ऑपरेशननंतर अटेझोलिझुमॅब (पीडी-एल१ला रोखणारं औषध) देऊन पाहणाऱ्या चाचणीत पेशंटांचे गट पाडताना एसपी१४२ वापरली होती, पण मुख्य निकाल एसपी२६३च्या टक्क्यांवर लावला गेला. म्हणून रिपोर्टात 'पीडी-एल१ ४० टक्के' एवढंच लिहून मला भागत नाही. कुठल्या क्लोनने (म्हणजे वरच्या चारांपैकी कुठल्या अँटिबॉडीने), कुठल्या मशीनवर, हेही लिहावं लागतं. काही ऑन्कोलॉजिस्टना ती ओळ म्हणजे पॅथॉलॉजिस्टचा घोळ वाटतो. मी ती काढत नाही.

आता पिट्सबर्गच्या पत्राचा राहिलेला धागा. ८एफ१ ज्या दुसऱ्या कशाला तरी चिकटत होती, ते शेवटी सापडलं. त्याचं नाव सीसीटी-अल्फा. पेशीचं आवरण ज्या स्निग्ध पदार्थाचं बनतं तो तयार करण्याच्या साखळीतलं हे एन्झाइम. डीएनएच्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही. ते केंद्रकातही राहतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते आणि ईआरसीसी-१ वेगळे ओळखू येत नाहीत. शोधणाऱ्यांनी मग सीसीटी-अल्फा स्वतंत्र अँटिबॉडीने रंगवून पाहिलं, फुप्फुसाच्या आणि डोकं-मानेच्या कॅन्सरच्या गाठींत. २०१४ मध्ये छापलं ते असं: पेशंटांचं पुढे काय झालं याचा थोडा अंदाज सीसीटी-अल्फावरूनही बांधता येत होता.

म्हणजे २००६ च्या त्या काचांवर जे तपकिरी दिसलं त्यात कोणाचा वाटा किती होता, दुरुस्तीवाल्याचा की आवरणवाल्याचा, हे आता ठरवता येणार नाही. ब्लॉक अजून कपाटात असतील. ती कुपी संपली.